मधुमेही पायाच्या जखमेतले जिवाणू: माझ्या एमएस्सी प्रकल्पाचं वर्ष

जून २०२४ मध्ये दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रकल्पाचे विषय मागितले. सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीला प्रकल्प म्हटलं की अर्धा वर्ग मातीकडे वळतो. उसाच्या मुळाशी नत्र स्थिर करणारे जिवाणू, डाळिंबाच्या बागेत स्फुरद विरघळवणारे जिवाणू. मातीची संमती घ्यावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. मी मधुमेही पायाच्या जखमांचा विषय दिला तेव्हा एक सीनियर ताई एवढंच म्हणाली, "एथिक्सचा अर्ज आजच लिहायला घे, जंतूंचं नंतर बघ." पेशंटवरच्या अभ्यासाला आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यामुळे वर्षभरात मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. मे २०२५ मध्ये तोंडी परीक्षा झाली. पुढच्या बॅचच्या मुली फोन करतायत, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

हाच विषय का, तर घरात मधुमेह आहे आणि गावभर आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. चप्पल चावली, खिळा घुसला, तापलेल्या डांबरावर तळवा भाजला तरी माणसाला पत्ता नसतो. त्यात आमचं ऊन, देवळात आणि घरात अनवाणी वावर आणि पंढरपूर हाकेच्या अंतरावर. आषाढीनंतर सर्जरीच्या ओपीडीत पायाच्या जखमा वाढतात असं तिथल्या सिस्टर सांगत. त्या वर्षीची आषाढी १७ जुलैला झाली, पण तेव्हा माझ्याकडे परवानगीचा कागदच नव्हता, त्यामुळे ते पेशंट काही मला मिळाले नाहीत.

आमच्या कॉलेजला स्वतःची एथिक्स कमिटी नाही. रुग्णालयाच्या कमिटीकडे जायचं तर तिथला एक डॉक्टर सहमार्गदर्शक हवा. त्यांना भेटायला प्राचार्यांचं पत्र हवं, आणि प्राचार्यांच्या पत्राआधी विभागप्रमुखांची सही हवी. जुलैचा बराचसा भाग या सह्यांत गेला. सर्जरीचे सर तयार झाले, त्यांची एकच अट: "ड्रेसिंगच्या वेळी गर्दी करायची नाही, आणि पेशंटला घाबरवायचं नाही."

अर्जाचं बाड भलं मोठं होतं. संशोधनाचा आराखडा, रुग्ण माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रत्येक नमुन्याबरोबर भरायचा प्रोफॉर्मा, मॅडमचा आणि माझा बायोडेटा, सर्जरी विभागाचं ना हरकत पत्र, खर्च पेशंटवर पडणार नाही असं हमीपत्र. या सगळ्याच्या सदस्यांइतक्या प्रती, शिवाय पेन ड्राइव्ह. विद्यार्थ्यांसाठी शुल्क दोन हजार, तेही डिमांड ड्राफ्टने. कमिटीची बैठक रोज होत नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा होते. म्हणून आधी बैठकीची तारीख विचारा आणि तिथून मागे मोजत कामाला लागा. आमची बैठक ऑगस्टच्या अखेरीस होती.

बैठकीत मला जिवाणूंबद्दल जवळजवळ काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, नमुन्यासाठी पेशंटला जास्तीची जखम करणार का? नाही. सर तसेही मेलेलं मांस काढून जखम साफ करतात, त्याच वेळी तळातला तुकडा आम्ही घेणार. दुसरा प्रश्न, तुमच्या लॅबमध्ये काय सापडलं ते पेशंटच्या डॉक्टरांना कळणार की नाही? यावर आम्ही बरीच चर्चा करून गेलो होतो. उपचारासाठी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट चालेल, आमचा निकाल फक्त अभ्यासापुरता. पण त्यात काही गंभीर दिसलं तर मॅडम सरांना कळवतील. हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये लिहून घ्यायला लावलं गेलं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्तीही असते. इथे त्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझं मराठी माहितीपत्रक हातात धरून विचारलं, "हे तू तुझ्या आजीला वाचून दाखवलंस का?" घरी जाऊन खरंच वाचून दाखवलं, आणि अर्धं बदललं.

दुरुस्त्या देऊन मंजुरीचं पत्र हातात यायला सप्टेंबरचा शेवट उजाडला. त्या पत्राआधी घेतलेला एकही नमुना प्रबंधात वापरता येत नाही. "आत्ताच घेऊन ठेवू, पत्र येईलच" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

वाट बघण्याचा हा काळ मात्र फुकट जाऊ द्यायचा नाही. हिपॅटायटिस बीची लस मी जूनमध्येच सुरू केली होती. तिचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे उशिरा सुरू केली तर प्रकल्प संपेपर्यंत तिसरा डोस होत नाही. लसीचा खर्च किरकोळ आहे. दुसरं काम म्हणजे कॅबिनेटची वेळ ठरवणं. आपण पदवीला जे लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कपाट) वापरतो, त्यातली हवा प्लेटवरून आपल्या तोंडावर येते. माध्यमं ओतायला ते ठीक, पण पेशंटच्या नमुन्याला अजिबात नाही, त्यासाठी क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. आमच्या विभागात ते एकच आणि पीएचडीवाल्यांच्या ताब्यात. मला दुपारी चारनंतरची वेळ मिळाली, आणि वर्षभर संध्याकाळचा चहा पॅसेजमध्ये उभ्यानेच झाला.

ब्लड अगरचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्त घातलेल्या माध्यमाचा प्रश्नही याच दिवसांत सुटला. बऱ्याच ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरतात. त्यात रक्तदात्याची अँटिबॉडी, कधी अँटिबायोटिकही असू शकतं, आणि हिमोलिसिस (जिवाणूंनी रक्तपेशी फोडणं) नीट वाचता येत नाही. मेंढीचं रक्त उत्तम, पण ते निर्जंतुक पद्धतीने काढून देणारं माणूस हवं. शेवटी मेंढीच्या रक्ताच्या तयार प्लेटा मागवल्या, एकेक साधारण पन्नास रुपयांना पडली. महाग आहेत, म्हणून ब्लड अगर फक्त पहिल्या पेरणीला आणि पुढचं सगळं विभागात बनवलेल्या माध्यमांवर.

ऑक्टोबरमध्ये ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकलं. वासाची तयारी करून जा असं सगळे सांगतात, पण तशी तयारी होत नसते. दोन-तीन दिवसांनी नाक मरतं. अवघड जातं ते पेशंटचं शांत बसणं. सर कुजलेलं मांस कात्रीने काढत असतात आणि समोरचे काका मोबाइलवर बातम्या बघत असतात, कारण त्यांना दुखतच नाही. सर पायाला दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू) टेकवून विचारायचे, "लागतंय का?" आणि ते सरळ "लावा की आधी" म्हणायचे.

संमती घेणं हे मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेळखाऊ निघालं. संमतीपत्र मराठी आणि हिंदीत होतं. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या कितीतरी आज्या घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कन्नड. वॉर्डातल्या एक मावशी तिन्ही भाषांत सहज बोलायच्या, त्यांच्याशिवाय माझा प्रकल्प झालाच नसता. अंगठा असेल तिथे तटस्थ साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार म्हणजे मी नाही, मॅडम नाहीत, सरही नाहीत. नातेवाईक चहाला गेलेले असले की ते परत येईपर्यंत थांबायचं. एका आजींनी सगळं ऐकून विचारलं, "तुझ्या परीक्षेला माझा पाय पायजे व्हय?" मी हो म्हटलं. "घे मग," म्हणाल्या. एका काकांनी नाही म्हटलं, तेही नोंदवलं. नाही म्हणणाऱ्याच्या उपचारात काही फरक पडत नाही हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते तोंडानेही सांगावं लागतं.

आता मुख्य भाग, म्हणजे नमुना. या विषयात जे काही चुकतं त्यातलं बहुतेक इथेच चुकतं, पुढच्या महागड्या यंत्रांनी ते सुधारत नाही. जखम उघडली की वर पू, पट्टीचा ओलावा, कधी हळद, कधी कुठला तरी पाला असतो. तिथे कापूस फिरवला तर त्वचेवरचे, पाण्यातले, पट्टीतले सगळे जिवाणू येतात. दारात उभे असलेले लोक बघून घरात कोण राहतं ते ठरवण्यासारखं आहे ते. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की जखम आधी स्वच्छ करा, मेलेलं काढा आणि मग तळातला ऊतीचा तुकडा क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने) किंवा बायोप्सीने घ्या. स्वॅबच (कापसाच्या काडीने) घ्यायचा असेल तर लेव्हिन पद्धतीने: सलाइनने धुतलेल्या जखमेच्या तळावर एक चौरस सेंटिमीटर जागेत, आतला द्रव वर येईल इतक्या दाबाने, पाच सेकंद फिरवायचा. आणि ज्या जखमेत संसर्गाची लक्षणंच नाहीत तिचा कल्चर करायचाच नाही, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायचेच नाहीत. लाली नाही, सूज नाही, ऊब नाही, पू नाही, तरी नमुना पाठवला तर काहीतरी उगवणारच, कारण उघड्या जखमेवर जिवाणू असतातच. मग त्या नावासाठी विनाकारण अँटिबायोटिक सुरू होतं.

माझ्या प्रकल्पाचा गाभा हाच होता. एकाच पेशंटच्या एकाच जखमेतून धुण्याआधी पृष्ठभागाचा स्वॅब आणि साफ केल्यावर तळाचा तुकडा असे दोन नमुने घ्यायचे आणि दोन्हीत काय सापडतं ते शेजारी शेजारी मांडायचं. स्वॅबमध्ये नावं जास्त येत, तुकड्यात कमी, आणि कितीतरी वेळा स्वॅबमधलं एखादं नाव तुकड्यात नसेच. कधी उलटंही झालं. वर फक्त त्वचेवरचे निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस आणि आत शुद्ध स्टॅफिलोकोकस ऑरियस.

प्रोफॉर्मात एक रकाना विसरू नका: गेल्या काही दिवसांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं का? जवळजवळ सगळ्यांनीच घेतलेलं असतं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, शेजाऱ्याच्या उरलेल्या कॅप्सूल. "गोळी घेतली का" विचारलं तर नाही म्हणतात. "पिशवी दाखवा" म्हटलं की पाकिटं निघतात. हे न नोंदवता एखाद्या प्लेटवर काहीच उगवलं नाही तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

नमुन्यावर पेशंटचं नाव लिहायचं नाही, फक्त कोड. कोड आणि नावाची वही वेगळी, मॅडमच्या कपाटात कुलपात. तुकडा निर्जंतुक डबीत थोड्या सलाइनमध्ये, दोन तासांच्या आत लॅबमध्ये. मी डबी जाड डब्यात, तो डबा पिशवीत आणि ती स्कूटीच्या डिकीत असं न्यायची. बर्फ वापरला नाही.

लॅबमध्ये पोहोचल्यावर पहिलं काम ग्रॅम स्टेन, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं; जांभळे दिसतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. कल्चर उद्या बोलेल, स्लाइड आत्ता बोलते. पू पेशी भरपूर आणि त्वचेच्या पेशी कमी, तर नमुना चांगला. त्वचेच्याच पेशी भरलेल्या असतील तर नमुना वरवरचा आहे हे प्लेट लावण्याआधीच कळतं. काही स्लाइडवर जिवाणू खच्चून दिसायचे आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. अशा वेळी विनॉक्सी (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या) जिवाणूंचा संशय घ्यायचा, विशेषतः जखमेला सडका वास असेल तर. बॅक्टेरॉइड्स, पेप्टोस्ट्रेप्टोकोकस ही मंडळी हवेत वाढत नाहीत. त्यांच्यासाठीची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून प्रबंधाच्या मर्यादांमध्ये ते स्पष्ट लिहिलं. अशा कोऱ्या प्लेटला "जिवाणू नाहीत" असं म्हणू नका, "ऑक्सिजनमध्ये वाढ नाही" असं लिहा.

पेरणी ब्लड अगर आणि मॅकॉन्की अगरवर, ३७ अंशाला, चोवीस तास, मग पुन्हा चोवीस. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या सोनेरी वसाहती (जिवाणूंच्या वाढीचे ठिपके) आणि भोवती रक्त विरघळलेलं स्वच्छ वर्तुळ. मॅकॉन्कीवर इ. कोलायच्या गुलाबी, सुक्या, आणि क्लेब्सिएलाच्या गुलाबी पण शेंबडासारख्या चिकट. स्यूडोमोनास एरुजिनोसाची हिरवट निळी झाक माध्यमात पसरते. पुस्तकात "द्राक्षासारखा वास" लिहिलंय म्हणून प्लेट नाकाशी नेऊ नका, तो वास आपणहून येतो. आणि मग प्रोटियस. हा एका रात्रीत लाटा काढत अख्खी ब्लड अगर प्लेट व्यापतो आणि बाकी सगळ्यांना गाडून टाकतो. मॅकॉन्कीतल्या पित्तक्षारांमुळे त्याचं पसरणं थांबतं, म्हणून त्याच्याखाली कोण होतं ते मॅकॉन्कीवर शोधायचं, आणि स्टॅफिलोकोकस हवे असतील तर मॅनिटॉल सॉल्ट अगर सुरुवातीलाच लावायचा. माझ्या जखमांत प्रोटियस इतक्या वेळा आला की नंतर नंतर मी त्याला गृहीत धरूनच प्लेटा मोजायला लागले.

एका जखमेत एकच जिवाणू क्वचित मिळतो. दोन-तीन प्रकारच्या वसाहती वेगळ्या करायच्या, प्रत्येकीला पुन्हा पेरून शुद्ध करायचं आणि मगच जैवरासायनिक चाचण्या. शुद्ध नसताना केलेल्या चाचणीतून अशा जिवाणूचं नाव येतं जो त्या ट्यूबमध्ये नसतोच.

चाचण्या सगळ्या पुस्तकात असतात, पण काही गोष्टी बाकावर उभं राहिल्यावरच कळतात. ऑक्सिडेजला निक्रोमचा लूप वापरू नका, खोटा पॉझिटिव्ह येतो. लाकडी काडी घ्या आणि रंग अर्ध्या मिनिटाच्या आत वाचा, नंतर सगळंच जांभळं होतं. ट्यूब कोॲग्युलेज (जिवाणू प्लाझ्मा गोठवतो का ही चाचणी) चार तासांनी बघायलाच हवी. सरळ दुसऱ्या दिवशी बघितली तर काही स्टॅफिलोकोकस स्वतःच केलेली गाठ विरघळवून मोकळे होतात. इंडोलची लाल कडी प्रोटियस मिराबिलिसला येत नाही, व्हल्गॅरिसला येते. दोघांचा युरिएज आणि फिनाइल ॲलनीन पॉझिटिव्ह, त्यामुळे या एका कडीवर नाव ठरतं.

दिवाळीच्या सुट्टीत गार्डला विचारून लॅब उघडावी लागली, कारण वसाहतींना सुट्टी नसते. वीज गेली की इन्क्युबेटरचं दार न उघडणं हा एकच उपाय. पुढे एप्रिलमध्ये बाहेर बेचाळीस अंश असताना लॅबमामा म्हणायचे, "मॅडम, इन्क्युबेटर बंद करा, विभागच इन्क्युबेटर झालाय." जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ओपीडी ओस पडते, ते आधी ठाऊक असतं तर त्या आठवड्यात मी माध्यमं बनवून ठेवली असती.

काही वसाहती मात्र नाव सांगेनात. ग्रॅम निगेटिव्ह, आखूड जाडसर, लॅक्टोज न वापरणारे, ऑक्सिडेज निगेटिव्ह. सगळी चिन्हं असिनेटोबॅक्टरची. ४४ अंशालाही वाढले, म्हणजे बहुधा त्यातली बाउमानी ही जात. पण "बहुधा" प्रबंधात चालत नाही. काही निवडक नमुने एका खासगी लॅबमध्ये जिवाणू ओळखणाऱ्या व्हायटेक यंत्रावर केले, एका कार्डाला हजाराच्या आसपास गेले. त्याहून थोडे १६एस आरआरएनए या जिवाणू ओळखायच्या जनुकाच्या क्रमासाठी पुण्याला पाठवले. पुण्यातच एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं) एनसीएमआर आणि चंदिगडचं एमटीसीसी ही सूक्ष्मजीव साठवणारी केंद्रं शुल्क घेऊन जिवाणू ओळखून देतात. रोगकारक जिवाणू पाठवायचे असतील तर त्यांच्या अटी आधी नीट वाचा. जिवंत कल्चर कुरियरने पाठवायला तिहेरी आवरण आणि यूएन ३३७३ ही जैविक पदार्थाची खूण लागते. आम्ही विभागातच डीएनए काढला आणि फक्त डीएनए पाठवला, ते स्वस्तही पडलं आणि सोपंही. ट्यूब घेऊन मी स्वतःच सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेले. निकाल यायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे हे काम फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका.

क्रम हातात आला की सगळे ब्लास्टच्या (क्रमांची तुलना करणाऱ्या ऑनलाइन साधनाच्या) पहिल्या ओळीतलं नाव उचलतात. तसं करू नका. असिनेटोबॅक्टरच्या बाबतीत पहिल्या अनेक ओळींत वेगवेगळ्या जातींशी जवळजवळ सारखंच साम्य दिसतं, कारण कॅल्कोॲसेटिकस आणि बाउमानी यांच्या गटात हे जनुक पुरेसं वेगळं नसतं. तिथे आरपीओबी जनुक बघावं लागतं. इ. कोलाय आणि शिगेला यांच्यातही १६एस फरक करत नाही, तिथे साध्या चाचण्याच कामाला येतात. त्यामुळे मी "असिनेटोबॅक्टर कॅल्कोॲसेटिकस-बाउमानी गट" असं लिहिलं. मॅडमना ते आवडलं. वर्गात मात्र एकीने विचारलं, "एवढे पैसे घालून गटच लिहायचा होता?" हो, गटच लिहायचा होता. क्रमाने जेवढं दाखवलं तेवढंच लिहिलं.

प्रतिजैविकांची चाचणी कर्बी-बाउअरने, म्हणजे जिवाणू पेरलेल्या प्लेटवर औषधाच्या डिस्क ठेवून भोवती वाढ न झालेलं वर्तुळ मोजायचं. म्युलर हिंटन अगर चार मिलिमीटर जाड हवा. पातळ झाला तर वर्तुळं मोठी दिसतात आणि औषधाला दाद न देणारा (रेझिस्टंट) जिवाणू सेन्सिटिव्ह ठरतो. पेरायच्या जिवाणूंच्या द्रावाचा ढगाळपणा ०.५ मॅकफारलंड. दर आठवड्याला प्रमाणित जिवाणू लावायचे: एटीसीसी २५९२३, २५९२२ आणि २७८५३. त्यांची वर्तुळं मर्यादेत नसतील तर त्या दिवशीचं बाकी काही वाचायचं नाही. एमआरएसएसाठी (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी) सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क, स्टॅफिलोकोकस ऑरियसला २१ मिलिमीटर किंवा कमी म्हणजे एमआरएसए. कोलिस्टिन डिस्कने करू नका, तो निकाल धरत नाहीत. वर्तुळांच्या मर्यादा देणारं सीएलएसआयचं एम१०० दर वर्षी बदलतं आणि ऑनलाइन मोफत बघता येतं. सीनियरच्या प्रबंधातला जुना तक्ता उतरवू नका, परीक्षक नेमकं तेच विचारतात. आमच्याकडे ग्रॅम निगेटिव्ह जास्त निघाले. पाश्चात्त्य पुस्तकांत स्टॅफिलोकोकस वरचढ असतो, पण भारतातल्या अनेक अभ्यासांत चित्र आमच्यासारखंच आहे.

याच टप्प्यावर एक दिवस असा आला की माझ्या प्लेटवर जवळपास सगळ्या डिस्कभोवती वाढ होती. तो कोड कुणाचा हे मला माहीत होतं. मॅडमना दाखवलं, त्यांनी सरांना फोन केला. रुग्णालयाचा रिपोर्टही तसाच आला होता आणि औषध आधीच बदललेलं होतं. नंतर त्या काकांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी ड्रेसिंग रूममध्ये गेले तर तेच मला म्हणाले, "तुझं झालं का गं पास-नापास?" त्या रात्री मी वर्तुळांची बेरीज केली नाही. आईला सांगितलं आणि झोपले.

कचऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. नमुने, प्लेटा, स्वॅब आधी १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) आणि मग पिवळ्या पिशवीत. त्याचं रजिस्टर ठेवा, एथिक्सवाले आणि परीक्षक दोघंही मागतात.

मार्च-एप्रिल लिहिण्यात गेले. साम्य तपासणीत (आधीच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) दहा टक्क्यांच्या आत हवं होतं. पद्धतींचा भाग सगळ्यांचा सारखाच येतो, तो स्वतःच्या शब्दांत लिहायला वेळ ठेवा. एकूण खर्च पंधरा हजारांच्या थोडा वर गेला. साधारण निम्मा विभागाने केला, सगळ्यात जास्त डिस्क आणि ब्लड अगरवर. बांधणीच्या चार प्रती, सोनेरी अक्षरं, तो खर्च वेगळा.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी माझा दोन रकान्यांचा तक्ता उघडला आणि विचारलं, "हा स्वॅबमध्ये आहे, तुकड्यात नाही. मग हा रोगकारक की पाहुणा?" मी म्हटलं, "सर, प्लेटवरून सांगता येत नाही. जखम बघणाऱ्या डॉक्टरांना विचारावं लागेल." त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न ऑटोक्लेव्हवर विचारला.

निकाल लागल्यावर एक कागद उरतो आणि बहुतेक जणी तो देत नाहीत: एथिक्स कमिटीला अंतिम अहवाल. किती नमुने घेतले, किती जणांनी नकार दिला, संमतीपत्रं कुठे ठेवली, नमुन्यांचं काय केलं. तो दिला नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या मार्गदर्शकांचा अर्ज अडकतो. आमच्या संमतीपत्रात "वेगळे केलेले जिवाणू पुढील अभ्यासासाठी जपून ठेवण्यास हरकत नाही" असा स्वतंत्र रकाना होता. ज्यांनी तिथे हो म्हटलं त्यांचेच जिवाणू आता ग्लिसरॉलमध्ये डीप फ्रीजरमध्ये आहेत, बाकीचे ऑटोक्लेव्ह केले. यंदा एक ज्युनियर विनॉक्सी जिवाणूंचा विषय घेतेय. तिला हे साठे उपयोगाचे नाहीत, ताजे नमुने घ्यावे लागतील, म्हणजे नवा प्रोटोकॉल आणि नवी परवानगी. कमिटीची पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे, ज्युनियरचा डिमांड ड्राफ्ट अजून काढायचाय.